रेणुकाची पाण्याची बाटली

अन्याय झाला तो रेणुकावर. इयत्ता सहावी ब, हजेरीपटावर एकोणिसावा नंबर, चिखलीच्या बाजूची एक सरकारी शाळा, दुपारचं सत्र. कधी झाला, तेही सांगते. गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या सोमवारपासून घटस्थापनेच्या आदल्या गुरुवारपर्यंत. मधली गणपतीची सुट्टी वगळा. एवढे दिवस ही अकरा वर्षांची मुलगी दुपारी बारापासून संध्याकाळी पावणेसहापर्यंत पाण्याचा एक घोट घेत नव्हती. तिची बाटली घरून भरलेली जायची आणि घरी भरलेली यायची.

कुणी केला, हेही आत्ताच यायला हवं. अन्याय कुणावर झाला, कधी झाला, कुणी केला हे तिन्ही पहिल्या काही ओळींत सांगायचं, हा पत्रकाचा नियम. सहा वर्षं मी पत्रकं लिहिते आहे, नव्या मुलामुलींना हा नियम मीच शिकवते. आज तो मोडते आहे. कुणी केला, ते सांगायला मला जरा जागा लागेल.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाचे अनुभव लिहा’ म्हणून फोन केला, तेव्हा मी त्यांना माझं वय सांगितलं. अठ्ठावीस. या सदरात माझ्या शेजारी बसणारे बहुतेक जण निवृत्त असणार, त्यांच्या पेन्शनला माझ्या कामाइतकी वर्षं झाली असणार. ते म्हणाले, असू द्या, तुमचं काम काय असतं तेच लोकांना कळत नाही. ते खरं आहे. माझ्या आईलाही कळत नाही. कुणी विचारलं तर ती ‘शाळेत आहे’ असं सांगते आणि विषय बदलते.

तर काम असं. आमची एक लहान संघटना आहे. सरकारी शाळांतल्या पालकांना एकत्र आणायचं, शाळेला काय हवं ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं आणि ते होईपर्यंत साहेबांच्या मागे लागायचं. कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती नावाची एक चांगली गोष्ट आहे. तिच्यात बहुतेक सभासद पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात. कागदावर असतातही. बैठकीचं रजिस्टर घरोघर फिरतं आणि माणसं दारात उभी राहून त्यावर सही करतात, सिलिंडरच्या पावतीवर करतात तशी. याला कारण आहे. बैठक ठेवायची शनिवारी सकाळी अकराला, आणि चाकण-चिखलीच्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शनिवारी अकराला बाप मशीनवर असतो आणि आई पॅकिंगला. बैठक गुरुवारी घ्या, एवढी साधी गोष्ट पटवायला मला तीन पत्रकं आणि एक ठिय्या लागला.

पत्रक हे आमचं हत्यार. वाटायची जागा कंपनीचं गेट, वेळ शिफ्ट सुटायची. गेटमधून निघालेला माणूस बसच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत जेवढी पावलं चालतो, तेवढंच तुमचं वाचतो. कागद पिवळा हवा. पांढरा कागद नोटिशीसारखा दिसतो, आणि नोटिशीला कुणी आपण होऊन हात लावत नाही. निघोज्याच्या एका गेटवरच्या वॉचमनमामांनी पहिल्या दिवशी मला हाकललं. दुसऱ्या दिवशी माझ्या गठ्ठ्याची रजिस्टरला नोंद केली: ‘पिवळे कागद, एक गठ्ठा, आत सोडले नाहीत.’ आठव्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावून आपल्या नातीच्या शाळेच्या गळक्या छपरावर पत्रक लिहून मागितलं. मामा, ते छप्पर झालं बरं का.

आता रेणुकाची शाळा.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलींच्या शौचालयाची अवस्था मी इथे लिहिणार नाही, दिवाळीचे दिवस आहेत. मी फोटो काढला आणि पत्रक लिहिलं. ‘मुलींच्या शौचालयाची ही दशा कुणी केली?’ खाली जबाबदार माणसं, हुद्द्यासकट. मुख्याध्यापिका. सफाई कामगार. वॉर्डाचे साहेब. तीन गेटांवर वाटलं. वाटलं त्याच आठवड्यात साहेबांची गाडी शाळेत आली. जुलै संपेपर्यंत नवी फरशी, नवा रंग, नवे नळ. श्रावणातल्या एका सोमवारी मी आत जाऊन स्वतः फोटो काढला. फरशीत माझा चेहरा दिसत होता. आम्ही ऑफिसात पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझ्यासारखी मीच, असं मला वाटत होतं.

त्यानंतर मी दुसऱ्या शाळेच्या मागे लागले. आमच्या कामात जिंकलेल्या जागी परत जायची पद्धत नाही. हरलेल्या जागाच इतक्या असतात.

सप्टेंबरात कसल्याशा सहीसाठी त्या शाळेत गेले, तर मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोर एक माणूस उभा होता. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. मोठ्या बाई कपाटात वाकून काहीतरी शोधत होत्या. तो माणूस म्हणजे रेणुकाचे वडील, बालाजीभाऊ. मूळचे लातूरकडचे, आता चाकणच्या एका कंपनीत गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट बनवणाऱ्या लाइनवर. मुलीचा दाखला न्यायला आले होते. तिला गावी आजीकडे ठेवायचं ठरलं होतं.

मुलगी, सहावी, गावाकडे, दाखला. माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. मी त्यांना तिथेच धरलं. लग्न जमवलंय का, कायदा माहीत आहे का, पोरगी म्हणजे ओझं वाटतं का. बालाजीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले,

“ताई, दोनदा दवाखाना झाला तिचा. लघवीला आग होती, ताप येतो. डॉक्टर मनले पाणी पाजा. घरी पिती. शाळंत काय होतंय, ती सांगत न्हाई. शाळंचं नाव काढलं की पोट धरून बसती. मी काय करू?”

गावची शाळा आजीच्या घराला लागून होती. मधल्या सुट्टीत घरी जाता येईल, एवढाच हिशोब. मी विचारलं, गावची शाळा कितवीपर्यंत? ते म्हणाले, सातवी. पुढे? पुढची शाळा लांब, एसटी एकच. त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. सातवीनंतर काय होतं ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. त्यांची मोठी बहीण तिथेच थांबली होती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मोठ्या बाई कपाटातून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, दाखल्याचं पुस्तक आतल्या खणात आहे आणि खणाची किल्ली आज सापडत नाही. गुरुवारी या, तसंही पालकांची बैठक आहेच.

बालाजीभाऊ गेल्यावर मी पाहिलं, किल्ली मोठ्या बाईंच्या पर्सच्या कडीला लटकत होती. मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं. मला त्या बाई आवडत नव्हत्या, म्हणून मी ते मनात फार वेळ ठेवलंही नाही.

मधली सुट्टी झाली तशी मी वर्गात जाऊन रेणुकाला व्हरांड्यात बोलावलं. बारीक मुलगी, दोन वेण्या, पाठीवर दप्तर तसंच. दप्तराच्या कडेच्या खिशात निळ्या झाकणाची बाटली, काठोकाठ भरलेली. मी विचारलं, पाणी का पीत नाहीस? ती माझ्या चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली,

“कुलूप असतं.”

मी जाऊन पाहिलं. नवा रंग दिलेल्या दाराला पितळेचं नवं कुलूप. मधल्या सुट्टीत, दोनशे मुली मैदानात असताना.

माझं डोकं फिरलं. घरी जाऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘कुलूप कुणी लावलं?’ मोठ्या बाईंचं नाव, सफाईच्या सुमनमावशींचं नाव. पिवळ्या कागदावर छापून गुरुवारी पिशवीत घेऊन गेले. बैठकीत वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर जायचं, असा बेत.

गुरुवारी पालक आले. वर्ग भरला, बायका बाकांवर दाटीवाटीनं, पुरुष मागे भिंतीला टेकून. रेणुका आईच्या कुशीत. तिची आई पॅकिंगच्या कामाला जाते, सकाळी सातला घराबाहेर पडते. बैठक सुरू व्हायच्या आधी तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. रोज संध्याकाळी बाटली भरलेली दिसायची, तेव्हा तिला वाटायचं, पोरगी किती गुणाची. मी थकून येते म्हणून दुसऱ्या दिवसासाठी आत्ताच भरून ठेवते.

मी उभी राहिले, पिशवीत हात घातला. तेवढ्यात मागून बालाजीभाऊ म्हणाले, “ताई, दोन मिनिटं फळा देता का?”

ते त्यांच्या कंपनीतल्या क्वालिटी सर्कलमध्ये आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाइनवर माल खराब निघायला लागला की पाच-सहा कामगार फळ्यासमोर उभे राहतात आणि पाच वेळा ‘का’ विचारतात. ब्रॅकेटला भोक वाकडं का पडलं? पत्रा हलला. का हलला? पकड सैल. का सैल? असं खाली खाली जायचं. कंपनीत याला व्हाय-व्हाय म्हणतात. आपल्या पट्ट्यातल्या अर्ध्या बापांना हे येतं, आणि ते शाळेत वापरावं असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

त्यांनी खडूनं एकाखाली एक पाच चौकोन काढले. पहिल्यात लिहिलं: रेणुका शाळा का सोडती? पाणी पीत नाही म्हणून आजारी. पाणी का पीत नाही? त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती आईच्या कानात बोलली, आईनं मोठ्यानं सांगितलं. कुलूप. वर्गात कुजबुज झाली. आयांबरोबर आलेल्या आणखी तीन-चार मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

कुलूप का?

सुमनमावशी दाराशी बसल्या होत्या. त्या जुन्या गावातल्या, बोलायला कुणाला भीत नाहीत. “व्हय, म्याच लावती. लपवायचं काय त्यात? तीन इमारती हायेत माझ्याकडं. हितं सकाळी एकदा येती, धुती अन् जाती. दुपारी घाण झाली तर बोलणी कुणाला? मलाच. आमी कंत्राटाची मानसं, आमाला काढायला वेळ न्हाई लागत.”

घाण झाली तर बोलणी का?

या वेळी मोठ्या बाई बोलल्या. साहेबांचा हुकूम होता. रोज संध्याकाळी पाच वाजता स्वच्छ शौचालयाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ज्या शाळेचा फोटो खराब, त्या शाळेला खुलासा. मग सकाळी धुवायचं, कुलूप लावायचं, पाचला उघडायचं, फोटो काढायचा. मुलींनी मागितली तर किल्ली द्यायची, असं ठरलं होतं. पण अकरा वर्षांची मुलगी ऑफिसात येऊन, चार मोठ्या माणसांसमोर, शौचालयाची किल्ली मागत नाही. हे मोठ्या बाई स्वतःच म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी खाली पाहिलं.

फोटोचा हुकूम का निघाला?

पाचवा चौकोन. मोठ्या बाईंनी फाईल उघडली आणि बालाजीभाऊंच्या हातात दिली. मी शेजारीच उभी होते. साहेबांची नोटीस, आणि तिला टाचणी लावून जोडलेला एक पिवळा कागद. ‘मुलींच्या शौचालयाची ही दशा कुणी केली?’

बालाजीभाऊंनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फाईल मिटून परत दिली. हा कागद माझा आहे, हे मोठ्या बाईंना एवढे दिवस बोलता आलं असतं, आत्ताही आलं असतं. वर्गात कुणाला काही कळलं नव्हतं.

मी खडू घेतला आणि पाचव्या चौकोनात माझं नाव लिहायला लागले. दुसऱ्या शब्दाला बालाजीभाऊंनी हातानंच पुसून टाकलं.

“नाव चालत न्हाई, ताई.”

मी म्हटलं, पण खरं आहे ते.

“असू द्या की. का-च्या खान्यात मानसाचं नाव लिहायचं नसतंय. नाव लिहिलं की लोक मनतेत, सापडला. मग त्याला काढतेत. मशीन तशीच ऱ्हाती.”

सहा वर्षं मी नावंच लिहीत होते. मला ते उत्तर वाटायचं. माझ्या पिशवीत आणखी दोन नावांचा गठ्ठा होता, आणि त्यातलं एक नाव अशा बाईचं होतं जिनं या मुलीचा दाखला अडवायला खोटं बोलून किल्ली हरवली होती.

मग काय लिहायचं, असं मी विचारलं. बालाजीभाऊंनी जरा विचार केला आणि पाचव्या चौकोनात लिहिलं: वापरणाऱ्याला विचारलं नाही.

साहेबांनी विचारलं नाही, मोठ्या बाईंनी विचारलं नाही, आणि मी तर फोटो काढला, पेढे खाल्ले आणि गेले. फरशी, रंग, नळ हे सगळं मी मागितलं होतं. दोनशे मुलींपैकी एकीलाही मी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. पुरुषांना बाहेर चहाला पाठवलं, मुलींना आत घेतलं. आधी कुणी बोलेना. मग सुमनमावशी म्हणाल्या, “लाजता काय गं, तुमच्या वयाची असताना मी तर करवंदीमागं जात हुती,” आणि सगळ्या हसल्या, आणि मग थांबेचनात. फरशीबद्दल एकही मुलगी बोलली नाही. आतली कडी फार वर आहे, पाचवीच्या मुलींचा हात पोचत नाही, म्हणून एकीला बाहेर दार धरून उभं राहावं लागायचं. ओढणी अडकवायला खुंटी नाही. बादली आहे, पण पाणी घ्यायचा मग नाही. आणि किल्ली कुणाकडे मागावी लागू नये. शेवटचं रेणुकानं सांगितलं. आईच्या कानात नाही, मोठ्यानं.

शुक्रवारी शाळा भरायच्या आधी बालाजीभाऊंनी खालच्या उंचीवर कडी बसवली. खुंट्या एका सुतार बापानं केल्या. कुलूप मोठ्या बाईंनी काढून टेबलाच्या खणात टाकलं. दुपारची दुसरी सफाई मिळवायला समितीला पुढचे तीन गुरुवार साहेबांच्या दारात बसावं लागलं. साहेबांना दिलेल्या पत्रात कुणाचं नाव नव्हतं, पाच चौकोन होते. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

पण खरी हिंमत मोठ्या बाईंची. त्याच शुक्रवारी पाच वाजता त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. ओली फरशी, चपलांचे मातीचे ठसे, कलंडलेली बादली. खाली लिहिलं, ‘आज वापरात आहे.’ खुलासा मागवला गेला. त्यांनी दिला. त्यात काय लिहिलं ते मला त्यांनी अजून दाखवलेलं नाही, आणि मीही मागितलेलं नाही. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “तुझं मराठी चांगलं आहे. आमच्या सातवीच्या मुलींना निबंध शिकव.” दर गुरुवारी मी आता तेही करते. न वाटलेल्या त्या पिवळ्या गठ्ठ्याची मागची बाजू कोरी होती, ती निबंधांच्या कच्च्या कामाला गेली.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण रेणुकाच्या आधी, ऑगस्टमध्ये, सातवीतली एक मुलगी शाळा सोडून गेली होती. पोटदुखी, गाव, आजी, सगळं तेच. तिच्या वेळी मोठ्या बाई रजेवर होत्या. दाखल्याचं पुस्तक लगेच सापडलं. तिच्या वडिलांचा फोन लागत नाही. मी दोनदा तिच्या गावचा पत्ता शोधत गेले; पहिल्यांदा गावच चुकलं, दुसऱ्यांदा घराला कुलूप होतं. तिसऱ्यांदा जाणार आहे.

रेणुका गावी गेली नाही. आता ती सातवीत आहे आणि माझ्या निबंधांतल्या चुका मला दाखवते. कडी बसवली त्या शुक्रवारी संध्याकाळी मी चाकणच्या बसथांब्यावर उभी होते. तिच्या आईचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज. तिनं एवढंच सांगितलं, “ताई, बाटली रिकामी आली.”

आता तुम्ही. हो, हा अंक हातात धरून फराळाच्या ताटाशी बसलेले तुम्हीच. दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या घराजवळच्या सरकारी शाळेत जा. मधल्या सुट्टीतच जा, आणि आधी मुख्याध्यापकांना भेटून जा, त्यांना घाबरवायला नको. पुरुष असाल तर बाहेर थांबा, बरोबरच्या बाईला आत पाठवा. मुलींच्या शौचालयाचं दार उघडं आहे का ते पाहा. आतली कडी पाचवीच्या मुलीच्या हाताला येते का, ते त्या मुलीलाच विचारा. कुलूप असेल तर ‘का’ विचारा. उत्तरात कुणाचं नाव आलं तर तिथे थांबू नका, पुन्हा ‘का’ विचारा. पाच वेळा.

फोटो काढू नका. बाटल्या बघा.